खाण नाकारणारा पैलवान

दक्षिण वेल्समधल्या एका कोळशाच्या खाणीवर १९७३ साली काढलेला एक फोटो आहे. डेनिस हचिन्सन या छायाचित्रकाराने तो काढला. पाळी संपवून वर आलेले खाणकामगार त्यात उभे आहेत. डोक्यावर हेल्मेट, अंगावर मळके कपडे, तोंडावर कोळशाची पूड. त्यांच्यात एक माणूस उभा आहे, तो मात्र कुठल्या दुसऱ्याच जगातून उतरल्यासारखा. लांब पिवळे केस, रंगवलेला चेहरा, चमचमता पोशाख, जाड तळव्यांचे उंच बूट आणि कुस्तीच्या अजिंक्यपदाचा भला मोठा पट्टा. शेजारचा वयस्क कामगार म्हणजे त्याचे वडील. बापाच्या चेहऱ्यावर अभिमान आहे, संकोच आहे की नुसता दिवसभराचा थकवा, हे कितीही वेळ पाहिले तरी ठरवता येत नाही.

त्या चमकत्या माणसाचे नाव एड्रियन स्ट्रीट. धंदा कुस्तीचा. हा फोटो जगभर गाजला. कलादालनांत लागला, पुस्तकांत छापला गेला. पण फोटोतला माणूस कसा कुस्ती खेळत असे, हे विचारले तर फार थोड्यांना सांगता येईल. त्याच्या कपड्यांची जेवढी चर्चा झाली, तिच्या दहाव्या हिश्शानेही त्याच्या कुस्तीची झाली नाही. वेल्सच्या खाणीतून निघून लंडन, मेक्सिको, कॅनडा आणि अमेरिकेचे दक्षिणेकडील प्रांत असा सत्तावन्न वर्षांचा प्रवास करणाऱ्या या पैलवानाची ओळख आपल्या वाचकांना करून द्यावी, म्हणून हा लेख.

एड्रियनचा जन्म ५ डिसेंबर १९४० चा, ब्रिनमॉर गावचा. ब्रिनमॉर म्हणजे दक्षिण वेल्सच्या डोंगरांतले कोळसा आणि लोखंडाच्या जिवावर जगणारे गाव. १९३० च्या दशकात मंदी आली तेव्हा इथले घरटी पुरुष बेकार होऊन बसले होते. काम असले तर खाणीत आणि नसले तर घरी, तिसरी वाट नाही. मुलगा झाला की त्याचे काय होणार हे पाळण्यातच ठरलेले असे. चौदा-पंधरा वर्षांचा होईतो शाळा, मग बापाचे बोट धरून खाणीच्या पिंजऱ्यात पाऊल, आणि पुढची पन्नास वर्षे जमिनीखाली. १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटनमधल्या खाणी सरकारच्या मालकीच्या झाल्या, तेव्हा खाणकामगारांनी आनंदाने फलक उभारले. मालक बदलला, काही सुधारणाही झाल्या. पण फुप्फुसात जाणारी धूळ तीच राहिली आणि खाणकामगाराचा मुलगा खाणकामगारच, हा रिवाजही तसाच राहिला.

एड्रियनचे वडील दुसऱ्या महायुद्धात सैन्यात होते आणि जपान्यांच्या कैदेत सापडले. ते घरी परतले तेव्हा मुलगा जेमतेम पाच वर्षांचा. त्याच्या दृष्टीने घरात एक अनोळखी, कडक माणूस येऊन बसला होता. त्या छावण्यांतून परतलेल्या माणसांनी काय भोगले होते हे आज आपल्याला माहीत आहे. पाच वर्षांच्या पोराला ते कोण सांगणार? बाप-लेकाचे जमले नाही ते नाहीच.

पंधराव्या वर्षी एड्रियन रिवाजाप्रमाणे वडिलांबरोबर खाणीत उतरला. पण त्याच्या डोक्यात वेगळेच वारे होते. तो व्यायाम करून अंग कमवीत होता आणि अमेरिकन कुस्तीची मासिके मिळवून वाचीत होता. त्यातले बडी रॉजर्स आणि डॉन लिओ जोनाथन हे त्याचे देव. आपण पैलवान होणार असे तो उघड बोलून दाखवी. खाणीतले लोक हसत. हा जाईल आणि चार दिवसांत शेपूट घालून परत येईल, असे त्यांचे भाकीत. हसणाऱ्यांत बापही होता.

वाचकहो, या लोकांना नुसते दुष्ट ठरवून मोकळे होणे बरोबर नाही. जमिनीखाली शेजाऱ्याच्या जिवावर आपला जीव असतो. तिथे कुणी आपल्यातून उठून वेगळे काही करतो म्हणाला की बाकीच्यांना तो आपला अपमान वाटतो. पण ज्याच्यावर हसले जाते त्याला हा विचार सुचत नाही. सोळा वर्षांच्या एड्रियनने खाण सोडली, घर सोडले आणि लंडन गाठले. परत येईन तो नाव कमावूनच, अशी खूणगाठ बांधून.

लंडनमध्ये पडेल ते काम करीत तो तालमीत राबू लागला. जत्रांमधल्या तंबूत उभे राहून येईल त्या गावगुंडाशी मुष्टियुद्ध खेळण्याचे कामही त्याने केले. ऑगस्ट १९५७ मध्ये तो धंदेवाईक कुस्तीच्या रिंगणात उतरला. नाव घेतले ‘किड टार्झन जोनाथन’. आपल्या आवडत्या पैलवानाचे आडनाव त्यात गुंफलेले.

इथे त्या काळच्या ब्रिटिश कुस्तीबद्दल थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे फ्रीस्टाईल म्हटले की दारासिंग-किंगकाँग तरी आठवतात किंवा मग टीव्हीवरची अमेरिकन हाणामारी. ब्रिटनचा प्रकार निराळा होता. १९४७ च्या सुमारास तिथे लॉर्ड माउंटइव्हन्स यांच्या नावाचे नियम आले. कुस्ती फेऱ्याफेऱ्यांची. दोनदा चीत केले किंवा हार कबूल करायला लावली तर विजय. वजनाचे गट पक्के. नियम मोडला तर पंच जाहीर ताकीद देई. १९५५ पासून ही कुस्ती आयटीव्ही या दूरचित्रवाहिनीवर दिसू लागली आणि पुढे शनिवारी दुपारी चार वाजता आजीपासून नातवापर्यंत सारे घर तिच्यासमोर बसू लागले.

निकाल आधी ठरलेला असे काय? होय, बहुतेक वेळा असे. आपल्याकडे ज्याला नुराकुस्ती म्हणतात त्यातलाच तो प्रकार. पण म्हणून ते सोपे होते असे नव्हे. त्या काळच्या ब्रिटिश पैलवानांत खरी पकडीची कुस्ती शिकून आलेल्यांचा भरणा होता. मनगट, कोपर, घोटा कुठे आणि किती पिळायचा याचे त्यांना शास्त्र असे. निकाल ठरलेला असला तरी लाकडी फळ्यांवर आपटणारी पाठ स्वतःचीच असते. नव्या पोराला तर जुने पैलवान मुद्दाम कुटून काढीत. टिकला तर आपला. एड्रियन टिकला. उंची साडेपाच फुटांहून थोडी जास्त, पण अंग पोलादी आणि डाव चपळ. मध्यम वजनाच्या गटात त्याने चांगले नाव मिळवले.

चांगले म्हणजे किती चांगले? शंभरातला एक म्हणावे इतके. त्याचे दैव पालटले ते एका फजितीच्या रात्री.

बडी रॉजर्ससारखे आपणही झगमगीत दिसावे म्हणून एड्रियनने निळसर रंगाचा एक सुंदर पोशाख करवून घेतला आणि केस सोनेरी रंगवले. प्रेक्षक वाहवा करतील अशी त्याची कल्पना. तो रिंगणाकडे निघाला आणि सभागृहात हशा पिकला. शिट्ट्या, चुंबनाचे आवाज, बायकी नावाने हाका. तमाशात नाच्या आला की मागच्या बाकांवरून जे शब्द येतात, तसलेच शब्द. एड्रियन आतून जळला असणार. खाणीतला हशा इथेही पाठोपाठ आला होता. दुसरा कोणी असता तर त्याने तो पोशाख जाळून टाकला असता.

एड्रियनने उलट केले. पुढच्या वेळी तो आणखी नटून आला. लचकत, मुरडत आला. प्रेक्षक हसले तर त्याने त्यांच्याकडे पाहून केस मागे सारले. ते चिडले तर आणखी लाडिक हसला. प्रतिस्पर्ध्याला पकडीत असे जखडायचे की त्याला हलता येऊ नये, आणि मग हळूच त्याच्या गालाचे चुंबन घ्यायचे. तो संतापून उसळी मारायचा आणि एड्रियन त्या संतापाचाच फायदा घेऊन त्याला पालथा करायचा. कुणी बेशुद्ध पडल्यासारखा झाला तर त्याच्या ओठांना रंग लावायचा. सभागृह पेटून उठे. आणि महत्त्वाचे म्हणजे, दुसऱ्या आठवड्यालाही तिकिटे संपत.

यातली गंमत नीट समजून घ्यायला हवी. हे सारे करायला प्रतिस्पर्ध्याला खरोखर जखडून ठेवता आले पाहिजे. कच्च्या पैलवानाने असला चाळा केला असता तर दुसऱ्याच मिनिटाला त्याचे दात घशात गेले असते. एड्रियनचे नखरे उभे होते ते त्याच्या पकडीवर. पण लोकांना नखरे दिसत, पकड दिसत नसे.

आणि काळ कोणता होता? इंग्लंड-वेल्समध्ये पुरुषाने पुरुषाशी संबंध ठेवणे हा १९६७ पर्यंत तुरुंगात टाकण्याजोगा गुन्हा होता. अशा काळात एक पुरुष रंगरंगोटी करून हजारो लोकांसमोर उभा राहत होता आणि त्यांच्या तोंडावर हसत होता. त्याचा स्वतःचा संसार एका स्त्रीशी होता, हे सोंग केवळ रिंगणातले. तेव्हा लोकांच्या पूर्वग्रहावर त्याने पोट भरले असा आक्षेप कुणी घेतला तर तो अगदीच खोटा नाही. लोक द्वेषाने ओरडत आणि तो त्या ओरडण्याचे पैसे करी. मात्र एक गोष्ट विसरू नये. ज्याला ते कमजोर म्हणून हिणवत, तोच धिप्पाड मर्दांना त्यांच्या डोळ्यांदेखत लोळवीत होता. घरी जाताना त्यातल्या काहींना तरी विचार पडला असेल.

बॉबी बार्न्स या जोडीदाराबरोबर त्याने ‘हेल्स एंजल्स’ नावाची जोडी केली. दोघे नटवे, दोघे सोनेरी केसांचे, दोघे अस्सल मारकुटे. १९७० च्या दशकारंभी ब्रिटनमध्ये झगमगीत कपड्यांच्या आणि चेहरे रंगवलेल्या गायकांची लाट आली. एड्रियन हे सारे त्यांच्या कितीतरी आधीपासून करीत होता. गायक कोट्यधीश झाले. पैलवान आपली पिशवी उचलून दुसऱ्या गावची गाडी पकडीत राहिला.

त्याच काळातला एक किस्सा सांगण्यासारखा आहे. जिमी सॅव्हिल हा रेडिओ-टीव्हीवरचा अतिशय लोकप्रिय निवेदक हौस म्हणून कुस्त्या खेळे. त्याच्यासमोर पैलवानांनी जरा सांभाळून खेळावे, गर्दी खूश होते, असा कुस्त्या भरवणाऱ्यांचा रिवाज. १९७१ साली त्याची गाठ एड्रियनशी पडली. बारा-चौदा वर्षे अंग मोडून शिकलेल्या धंद्याला हा माणूस खेळणे समजतो, याचा एड्रियनला राग होता. त्याने सॅव्हिलला खरोखर बदडले आणि त्याचे केस मुठीने उपटले. सॅव्हिल २०११ मध्ये मेला आणि पुढल्या वर्षी त्याने आयुष्यभर लहान मुलांवर केलेले अत्याचार उघड झाले. एड्रियनला १९७१ साली यातले काही ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर त्या रात्री काय झाले असते, याची कल्पना वाचकांनीच करावी.

आता फोटोकडे परत येऊ. १९७३ साली एका वृत्तपत्राला एड्रियनवर लेख छापायचा होता. फोटो कुठे काढायचा, असा प्रश्न आला. एड्रियनने खाणीचे नाव सांगितले. ज्या खाणीवर तो पोरवयात राबला, जिथे लोक त्याच्यावर हसले, तिथेच. युरोपच्या मध्यम वजन गटाचा अजिंक्यपदाचा पट्टा लावून, पूर्ण साजशृंगार करून तो बापाशेजारी उभा राहिला. पाहणाऱ्यांना त्यात बाप-लेकाचे प्रेम दिसते. एड्रियनने स्वतः पुढे स्पष्ट सांगितले होते की हा त्या सगळ्यांना दिलेला सणसणीत जवाब होता. तुम्ही म्हणालात मी परत येईन, पाहा, आलो.

जवाब दिला खरा, पण माझ्या मते फोटोत आणखीही काही आहे. बाप तिथे उभा राहिला. त्याला नाही म्हणता आले असते. इतर कामगारांसमोर, असल्या वेषातल्या मुलाशेजारी उभे राहणे त्या माणसाला सोपे गेले नसेल. तरी तो उभा राहिला.

ब्रिटिश कुस्तीचे पुढे वाटोळे होत गेले. १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर ‘बिग डॅडी’ नावाचा, दीडशे किलोंहून जास्त वजनाचा पैलवान हा त्या धंद्याचा राजा झाला. त्याचे खरे नाव शर्ली क्रॅबट्री आणि कुस्त्या भरवणारा मॅक्स क्रॅबट्री हा त्याचा सख्खा भाऊ. मग काय विचारता! वीस-वीस वर्षे डाव घोटून तयार झालेल्या पैलवानांनी यायचे, त्याच्या पोटाचा धक्का खायचा आणि आडवे पडायचे. पोरांना हा गलेलठ्ठ काका आवडे, पण ज्यांना खरी कुस्ती येत होती त्यांच्या अंगाची लाही होई. पैसेही बेताचे. चांगले पैलवान एकेक करून देश सोडू लागले. बिली रॉबिन्सन आधीच अमेरिका-जपानकडे गेला होता, डायनामाइट किड १९७८ मध्ये कॅनडाला गेला. एड्रियननेही चाळिशीच्या उंबरठ्यावर, १९८१ च्या सुमारास, सामान बांधले. त्याच्यामागे सात-आठ वर्षांत, १९८८ मध्ये, आयटीव्हीने कुस्ती कायमची बंद केली.

त्याच्याबरोबर होती लिंडा. हिच्याबद्दल लिहिल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. लिंडा स्वतः पैलवान. लंडनमध्ये त्या काळी बायकांच्या कुस्तीला बंदी होती, त्यामुळे तिला गावोगाव, मिळेल तिथे खेळावे लागे. परदेशात ती ‘मिस लिंडा’ या नावाने एड्रियनबरोबर रिंगणापर्यंत येऊ लागली. तो गुर्मीत पुढे, ती मागून त्याचे कपडे सांभाळीत, आरसा दाखवीत, आणि पंचाची पाठ वळली की प्रतिस्पर्ध्याला एक ठेवून देत. बाईने असे पैलवानाबरोबर येणे पुढे अमेरिकन कुस्तीत सर्रास झाले. लिंडा ते करू लागली तेव्हा अशा बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. रिंगणात ती दासी, पण बाहेर बरोबरीची भागीदार. कापड बेतणे, टिकल्या लावणे, शिवणे, मुक्कामाची सोय, हिशेब या सगळ्यात ती होती. अनेक दशके एकत्र काढल्यावर २००५ मध्ये दोघांनी रीतसर लग्न केले.

मेक्सिको, कॅनडातले कॅलगरी, मग अमेरिका. अमेरिकेत तेव्हा कुस्तीचे ‘इलाखे’ होते. एकेका कंपनीचा दोन-तीन प्रांतांवर ताबा. सोमवारी एक गाव, मंगळवारी दुसरे, शनिवारी स्थानिक टीव्हीच्या स्टुडिओत तासाभराचा कार्यक्रम, की पुन्हा सोमवारी पहिले गाव. मोटारीने रोज शेकडो मैल. खलनायकाचे काम फार अवघड. त्याने लोकांना इतके चिडवायचे की तो मार खाताना बघायला ते दर आठवड्याला खिसा रिकामा करतील. चीड ओसरली की त्याने दुसरा इलाखा शोधायचा.

एड्रियनचे बस्तान बसले ते अमेरिकेच्या दक्षिणेत. अलाबामा, टेनेसी, फ्लोरिडाचा उत्तर भाग. हा मुलूख कर्मठ, चर्चचा पगडा असलेला. शेतकरी, गिरणी कामगार, ट्रकचालक अशी तिथली प्रेक्षक मंडळी. त्यांच्यासमोर हा चाळिशीपार केलेला वेल्श गृहस्थ दोन वेण्या घालून, गालावर फुलपाखरू रंगवून येई. काय झाले असेल ते सांगायला नको. त्या भागात चिडलेले प्रेक्षक खलनायकावर बाटल्या भिरकावीत, चाकू काढल्याचेही प्रकार होत. आणि तरीही महिने गेले, वर्षे गेली, एड्रियनला मागणी राहिली. अमेरिकेत त्या सुमारास धिप्पाड, फुगवलेल्या अंगाच्या पैलवानांची चलती होती. त्यांच्यापुढे हा बुटका. वजनाचे गट तिथे कुणी जुमानत नसे. मायदेशात शिकलेल्या पकडींच्या जोरावर त्याने त्या आडदांडांशी पंधरा-वीस मिनिटे रंगवली आणि समोरच्याला मोठे करून दाखवले. हे काम ज्याला जमते त्याला धंद्यातली माणसे ओळखतात. पोस्टरवर मात्र त्याचे नाव खाली असते.

तो गातही असे. स्वतःच लिहिलेल्या गाण्यावर रिंगणात येई. १९८६ साली त्याची ‘शेक, रेसल अँड रोल’ नावाची तबकडी निघाली. गाणी फार थोर होती असे नाही. पण आज प्रत्येक पैलवान आपापल्या गाण्याच्या तालावर येतो, तेव्हा या माणसाची आठवण काढायला हरकत नाही.

त्याच १९८६ च्या आसपास एक गोष्ट घडली, ती मनाला चटका लावते. न्यूयॉर्कच्या बड्या कंपनीने, म्हणजे डब्ल्यूडब्ल्यूएफने, साऱ्या देशभर हातपाय पसरले होते. छोटे इलाखे एकामागून एक बुडत होते. या कंपनीने आपल्या एका जाडजूड पैलवानाला बायकी कपडे आणि रंग चढवून उभे केले. त्याचे नाव एड्रियन अ‍ॅडोनिस. एड्रियन हे नाव त्याने या सोंगाच्या खूप आधी घेतले होते, हा योगायोग समजू. पण सोंग कुणाचे, हे धंद्यातल्या सगळ्यांना दिसत होते. १९८७ मध्ये पोंटिॲकच्या प्रचंड स्टेडियममध्ये तो खेळला. १९९५ मध्ये त्याच कंपनीने ‘गोल्डडस्ट’ आणला. सोनेरी पोशाख, रंगवलेले तोंड, प्रतिस्पर्ध्याला लाडीगोडीने भंडावून सोडणे. त्याचेही नाव झाले.

न्याय म्हणून हेही सांगायला हवे की एड्रियन स्ट्रीट हा काही या प्रकाराचा आद्य जनक नव्हता. अमेरिकेत १९४० च्या दशकात गॉर्जस जॉर्ज अत्तर शिंपडत रिंगणात येई आणि मेक्सिकोत असे नटवे पैलवान पूर्वीपासून होते. पण त्या सोंगाला दात आणले ते एड्रियनने. जॉर्ज हास्यास्पद होता. एड्रियन हास्यास्पद वाटायचा आणि मग हात पिळायचा.

इलाखे बुडाल्यावर तो आणि लिंडा फ्लोरिडातल्या गल्फ ब्रीझ इथे स्थिरावले. त्यांनी कुस्तीची शाळा काढली आणि पैलवानांचे कपडे शिवण्याचा धंदा सुरू केला. मिक फोलीसारख्या नामवंताचे कपडे या घरातून गेले. म्हणजे पहा, मोठ्या पडद्यावर दुसरे झळकत होते आणि त्यांच्या चड्ड्या-बनियनना टाके घालणारे हात एड्रियन-लिंडाचे होते. यात त्यांना कमीपणा वाटला असेल असे मला वाटत नाही. खाणीपेक्षा शिवणयंत्र बरे! २००१ च्या सुमारास त्याला घशाचा कर्करोग झाला, त्यातून तो उठला. २००४ मध्ये ‘आयव्हन’ चक्रीवादळ आले आणि कुस्तीची शाळा संपली. मग म्हातारा लिहायला बसला. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेल्या या माणसाने आपले आत्मचरित्र एक-दोन नव्हे, कित्येक खंडांत लिहून काढले. पहिल्या खंडात त्याचे खाणीच्या गावातले बालपण आहे. २०१४ मध्ये, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, अलाबामातल्या बर्मिंगहॅम शहरात तो शेवटचा रिंगणात उतरला. त्याच्या स्वतःच्या हिशेबाने तोवर दहा हजारांहून जास्त कुस्त्या झाल्या होत्या.

फोटोचे आयुष्य इकडे वेगळेच चालले होते. १९९८ साली ‘ब्लॅक बॉक्स रेकॉर्डर’ या वाद्यवृंदाने तो आपल्या तबकडीच्या वेष्टनावर छापला. तबकडीचे नाव ‘इंग्लंड मेड मी’, म्हणजे मला घडवले ते इंग्लंडने. आणि वेष्टनावर दोन अस्सल वेल्श माणसे! पुढे जेरेमी डेलर हा नावाजलेला कलावंत त्या फोटोने झपाटला. ब्रिटन हा घाम गाळणाऱ्या उद्योगांचा देश होता तो करमणुकीचा आणि सेवाधंद्यांचा देश कसा झाला, हे सारे या एका चौकटीत आहे, असे त्याचे म्हणणे. फ्लोरिडाला जाऊन त्याने एड्रियनवर एक चित्रपट केला, तो २०१० मध्ये लोकांसमोर आला. त्यामुळे मायदेशात पुन्हा नाव निघू लागले. पण बोलणारे पुन्हा फोटोबद्दलच बोलत. एड्रियनला त्याचे काही वाटत नव्हते, की वाटत होते? आत्मचरित्राचे एवढे खंड माणूस उगाच लिहीत नाही.

खाणींचे काय झाले? १९८४-८५ चा खाणकामगारांचा वर्षभराचा संप मोडला गेला, त्यानंतर वेल्समधल्या खाणी झपाट्याने बंद झाल्या. टॉवर ही शेवटची मोठी खोल खाण २००८ मध्ये बंद पडली. ज्यांच्या पोरांना खाणीशिवाय दुसरी वाट माहीत नव्हती, त्यांच्या नातवंडांना खाणच उरली नाही.

२०१८ मध्ये एड्रियन आणि लिंडा फ्लोरिडातले घर सोडून वेल्सला परतले. राहिले ते कुमब्रान गावाच्या परिसरात, ब्रिनमॉरपासून फार तर पंचवीस-तीस किलोमीटरवर. केस अजून सोनेरी होते. २४ जुलै २०२३ रोजी, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, त्याचे तिथेच निधन झाले. अनेक वृत्तपत्रांनी मृत्युलेख छापले. त्यांतल्या कित्येकांनी सोबत तोच खाणीवरचा फोटो दिला, आणि त्यामुळे त्या दिवशी त्याच्या शेजारी, हेल्मेट घातलेले, कोळशाने माखलेले त्याचे वडीलही छापून आले.